फाट्यावरून पाहिलेली मोटार

जालन्याहून मंठ्यावरून जिंतूरकडे निघालेला रस्ता परभणी जिल्ह्यांत शिरला, कीं सेलू तालुक्यांत देवगांव फाटा लागतो. येथून सेलूची वाट फुटते. मूळ गांव देवगांव. परंतु प्रवाशांच्या तोंडीं बसलें आहे तें फाट्याचें नांव. मराठी मुलुखांत असे फाटे शेंकड्यांनीं आहेत आणि त्या सर्वांचा धर्म एकच: ज्याच्या दाराशीं स्वतःचें वाहन नाहीं, त्यानें येथें येऊन वाट पाहावी. ज्याच्या दाराशीं तें आहे त्याला फाटा म्हणजे केवळ एक वळण. तो शिंग वाजवितो आणि धुळीचा लोट मागें ठेवून निघून जातो.

मोटारीचा इतिहास आजवर बहुधा आंत बसलेल्यांच्या बाजूनें सांगितला गेला आहे. यंत्राचा जोर, बांधणीची ऐट, तासाला किती मैल, एवढींच त्याचीं मापें. फाट्यावर उभ्या असलेल्या मनुष्याला मात्र निराळा प्रश्न सुचण्याजोगा आहे. ही मोटार खाते काय, किती खाते, आणि तिच्या जेवणाचा खर्च कोणाच्या नांवावर पडतो?

या भागांत मोटारीच्या आधीं आगगाडी आली. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला आणि सेलूचें स्टेशन भोंवतालच्या कापसाची पेठ झालें. स्टेशनापर्यंत कापूस नेई ती बैलगाडी. बैलाचा आहार सर्वांच्या डोळ्यांसमोर असे. कडब्याची गंजी केवढी आहे हें पाहूनच शेतकरी दावणीला किती जनावरें बांधावयाचीं तें ठरवी. पाऊस फिरकला नाहीं तर कडबा सरे, आणि कडबा सरला कीं बैल बाजाराची वाट धरी. धन्याची ऐपत आणि जनावराची भूक यांचा हिशेब एकाच अंगणांत मिटत असे.

परभणी जिल्हा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनीं विलायतेहून एक रोल्स-राइस मोटार मागविली होती. ती हातीं येण्यापूर्वींच १९११ सालीं ते वारले, आणि गाडी त्यांचे चिरंजीव मीर उस्मान अली खान यांच्या वाट्यास आली. सिंहासनासारखें आसन असलेली ती पिवळी मोटार समारंभापुरती बाहेर निघे. एरवीं ती जागची क्वचितच हले. इंधनाच्या दृष्टीनें पाहतां हा थाट निरुपद्रवी म्हटला पाहिजे, कारण उभी मोटार कांहीं खात नाहीं. याच राज्याच्या रेल्वेनें १९३२ सालीं २७ गाड्यांनिशीं स्वतःची प्रवासी मोटारवाहतूक सुरू केली. सरकारनें चालविलेली ही हिंदुस्थानांतील अगदीं आरंभींची बससेवा. खेड्यांतल्या मनुष्यास मोटारींत बसावयास मिळालें तें अशा सार्वजनिक गाडीमुळें, आणि पुढें बराच काळ मोटार म्हणजे अनेकांनीं मिळून वापरावयाची वस्तु, हीच समजूत लोकांत राहिली.

मोटारीची भूक प्रथम सर्वांच्या नजरेस आली ती दुसऱ्या महायुद्धांत. १९४१ सालीं हिंदुस्थानांत पेट्रोलवर नियंत्रण आलें. पुढच्या वर्षीं जपानी फौजा ब्रह्मदेशांत शिरल्या, तेव्हां येनांजाँग येथील तेलाच्या विहिरी शत्रूच्या हातीं पडूं नयेत म्हणून इंग्रजांनीं स्वतःच उद्ध्वस्त केल्या. आसामांतील दिगबोईच्या तेलावर एवढ्या देशाचें भागण्यासारखें नव्हतें; जें होतें त्यावर सैन्याचा पहिला हक्क. मग मोटारींना कोळशावर चालविण्याची युक्ति निघाली. गाडीच्या मागल्या बाजूस एक उंच लोखंडी पिंप बसवीत, त्यांत लांकडी कोळसा भरीत आणि खालून तो पेटवीत. कोळसा अर्धवट जळून जो कार्बन मोनॉक्साइड वायु निघे, तो गाळून आणि थंड करून एंजिनांत सोडीत. लोक याला गॅस प्लँट म्हणत.

या प्रकरणांत हंसण्यासारखें पुष्कळ होतें. सकाळची गाडी सुटावयाची तर क्लीनर बराच आधीं येऊन हातपंख्यानें भट्टी फुलवीत बसे. वायु धरला असें वाटून ड्रायव्हर एंजिन सुरू करी, तें दोन आचके देई आणि पुन्हां गप्प होई. पेट्रोलच्या मानानें एंजिनाचा तिसरा हिस्सा तरी जोर कमी पडे. चढ लागला कीं उतारू खालीं उतरत, आणि तिकिटाचे पैसे आधींच दिलेले असतांहि वर गाडी ढकलीत. काजळीनें पांढरे सदरे काळे होत. त्या पिढींतील लोक या आठवणी पुढें रंगवून सांगत. हंसणें संपल्यावर मात्र हिशेब उरतो.

एक लिटर पेट्रोलचें काम करून घेण्यास सुमारें दीड किलो कोळसा लागे. मातीनें लिंपलेल्या गांवठी भट्टींत एक किलो कोळसा पाडावयाचा तर पांच किलोंच्या आसपास लांकूड खर्चीं पडतें. म्हणजे दर लिटराला सात-आठ किलो लांकूड. दहा लिटर पेट्रोल पिऊन शंभर किलोमीटर जाणारी एखादी जड मोटार कोळशावर चालविली असती, तर त्या एका फेरींत तिनें पाऊण क्विंटल झाड खाल्लें असतें. हें लांकूड रानांतून येई. कोंकणच्या बाजूला रानांत राहून भट्ट्या लावण्याचें काम कातकरी करीत. धूर त्यांच्या छातींत जाई, डोंगर त्यांच्या भोंवतीं उघडा पडे आणि कोळसा शहरांत जाई. मोटारीच्या धन्यानें तें रान कधीं पाहिलें नसेल. परंतु पोतें त्याच्या समोर होतें. तें उचलतांना त्याचे हात काळे होत होते, आणि दूरचा प्रवास म्हणजे इतकीं पोतीं, हा हिशेब त्याला कोणी शिकवावा लागत नव्हता. मोटारीच्या साऱ्या इतिहासांत तिचा आहार तिच्या मालकाला असा उघड्या डोळ्यांनीं दिसला, तो काळ हाच.

पेट्रोल पुन्हां मुबलक मिळूं लागतांच पोतें अदृश्य झालें. आहार मात्र कमी झाला नाहीं. एक लिटर पेट्रोलचें वजन पाऊण किलोच्या आंतबाहेर असतें. परंतु तें जळलें म्हणजे सव्वादोन किलोंहून अधिक कार्बन डायॉक्साइड वायु तयार होतो. हा हिशेब श्रोत्यांस प्रथम चुकल्यासारखा वाटेल. पण त्यांत चूक नाहीं. पेट्रोलमधील कार्बनाचा प्रत्येक कण जळतांना हवेंतील ऑक्सिजनाचे दोन कण ओढून घेतो आणि त्यांचें वजन आपल्या वजनांत मिळवितो. डिझेलचा लिटर जवळजवळ पावणेतीन किलो वायु देतो. हा वायु दिसत नाहीं, त्याला वास नाहीं, त्यानें सदरा काळा होत नाहीं. तो वर जातो आणि त्याचा बराच भाग शतकानुशतकें तेथेंच राहतो.

या वायूनें पृथ्वीची उष्णता कोंडली जाईल हें कांहीं काल-परवां कळलेलें नाहीं. स्वीडनमधील स्वांते अऱ्हेनियस या शास्त्रज्ञानें १८९६ सालींच त्याचें गणित मांडलें होतें. गाय कॅलेंडर नांवाच्या इंग्रज इंजिनियरानें १९३८ सालीं जुन्या नोंदी ताडून जगाचें तपमान चढत असल्याचें दाखविलें. गंमत अशी, कीं थंड देशांतल्या या दोघांनाहि ही ऊब एकंदरींत हितकारकच वाटत होती. सेलू-जिंतूरकडचा वैशाख त्यांच्या गणितांत नव्हता. हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर १९५८ पासून या वायूची नियमित मोजणी सुरू झाली. तेव्हां हवेच्या दहा लक्ष भागांत तो सुमारें ३१५ भाग होता. २०२४ सालीं तो ४२० च्या पुढें गेला होता.

युद्धाबरोबर गॅस प्लँट गेला आणि जीप राहिली. अमेरिकन सैन्याला डोंगर, चिखल आणि वाळू यांतून जाणारी एक हलकी, चारहि चाकांना जोर असलेली गाडी हवी होती. विलिस आणि फोर्ड या कारखान्यांनीं तशा सहा लाखांहून अधिक गाड्या युद्धकाळांत बनविल्या. तिचें वजन टनाहून थोडेंच अधिक. १९४५ सालीं स्थापन झालेल्या महिंद्रा अँड महंमद या कंपनीनें १९४७ पासून मुंबईंत सुटे भाग जोडून या जीपा तयार करण्यास आरंभ केला. भागीदारांपैकीं गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढें गव्हर्नर-जनरल झाले, आणि १९४८ सालीं कंपनीच्या नांवांत महंमदच्या जागीं दुसरा महिंद्रा आला.

या जीपीस महाराष्ट्रांतील खेड्यानें कधीं नांवें ठेवलीं नाहींत, आणि तसें करण्यास कारणहि नव्हतें. तहसीलदार तिच्यांतून आले, देवीच्या लशी तिच्यांतून आल्या, १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडणाऱ्यांच्या कामाची पाहणी करणारे अधिकारी तिच्यांतून फिरले. रस्ता नव्हता म्हणून उंच गाडी, ओढ्याला पूल नव्हता म्हणून चारहि चाकांना जोर. तिचें पेट्रोल खाणें तिच्या कामानें फिटत होतें. पुढें मोठ्या मोटारीनें याच जीपीचा चेहरा घेतला. रस्ता डांबरी झाला, पूल झाले, आणि कामाची गरज संपल्यावरहि तो चेहरा ऐटीची खूण म्हणून शिल्लक राहिला.

मधें एकदां सर्व जगाला थांबून विचार करावा लागला. १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं तेलाचा पुरवठा आंखडला आणि थोड्याच महिन्यांत खनिज तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. त्या नोव्हेंबरांत अटलबिहारी वाजपेयी पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून बैलगाडींतून संसदेंत गेले. पुढच्या फेब्रुवारींत मुंबईजवळच्या समुद्रांत तेल लागलें आणि देशानें सुटकेचा श्वास टाकला. अमेरिकेनें १९७५ सालीं कायदा करून मोटारींनीं एका गॅलनाला निदान किती मैल गेलें पाहिजे हें ठरविण्याची व्यवस्था केली. परंतु त्यांत एक फट राहिली. शेतकरी आणि कारागीर यांच्या कामाच्या हलक्या मालमोटारींसाठीं वेगळा आणि सौम्य नियम ठेवला गेला. कारखानदारांनीं ती फट अचूक हेरली. मालमोटारीच्या सांगाड्यावर घरगुती मोटारीचें अंग चढवून ते ती कुटुंबांस विकूं लागले. शेतकऱ्याच्या नांवानें मिळालेली सवलत शहरच्या श्रीमंताच्या दाराशीं जाऊन उभी राहिली.

हा प्रकार अमेरिकेंतच घडला असें नाहीं. हिंदुस्थानांत त्याचा अवतार डिझेलच्या रूपानें झाला. सरकार डिझेलचा भाव मुद्दाम उतरता ठेवी. शेतावरचा पंप चालावा, एस. टी. चें तिकीट आवाक्यांत राहावें, धान्याची वाहतूक महाग होऊं नये, हा त्याचा हेतु. देवगांवच्या फाट्यावर उभा राहणारा मनुष्य हाच त्या सवलतीचा खरा धनी. १९९४ सालीं टाटांची सुमो बाजारांत आली. सुमंत मुळगांवकर या थोर मराठी इंजिनियराच्या नांवांतील आद्याक्षरांवरून तिचें नांव ठेवलेलें. १९९८ सालीं सफारी आली, २००२ सालीं नाशिकच्या कारखान्यांतून स्कॉर्पिओ बाहेर पडली. या गाड्या चांगल्या होत्या आणि येथल्या कारागिरांनीं आपल्या अकलेनें घडविल्या, याचा अभिमान कोणासहि वाटावा. पण त्या स्वस्त डिझेलवर चालत. पंपासाठीं दिलेला पैसा टांकींतून मोटारींत जाऊं लागला. किरीट पारिख यांच्या समितीनें २०१० च्या फेब्रुवारींत सुचविलें, कीं डिझेलच्या मोटारीवर ८०,००० रुपयांचा जादा कर बसवून ही गळती भरून काढावी. ती सूचना कागदावरच राहिली. डिझेलचा भाव मोकळा झाला तो २०१४ च्या ऑक्टोबरांत, म्हणजे सुमो आल्यावर वीस वर्षांनीं.

करांचा इतिहास सामान्यतः रुक्ष असतो. तरी २०१३ सालचा एक प्रसंग ऐकण्यासारखा आहे. अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनीं त्या वर्षीं या मोठ्या मोटारींवरील अबकारी कर शेंकडा २७ वरून ३० केला; त्या रस्त्यावर आणि थांब्यावर अधिक जागा अडवितात, म्हणून त्यांनीं अधिक द्यावें, असें कारण दिलें. भाड्यानें चालणाऱ्या गाड्यांना यांतून वगळलें होतें, आणि तें योग्यच होतें. आतां मोठी मोटार म्हणजे कोणती? लांबी चार मीटरांहून अधिक, एंजिन १५०० घन सेंटिमीटरांहून मोठें, आणि तळ जमिनीपासून निदान १७० मिलिमीटर उंच. ही व्याख्या प्रसिद्ध होतांच एका कारखान्यानें आपल्या मोटारीचा एक प्रकार १६० मिलिमीटरांवर आणला आणि कर वांचविला. खांचखळग्यांच्या देशांत उंच तळ हवाच, असें ग्राहकाला आजवर सांगितलें जात होतें. कर चुकविण्यासाठीं तो तळ खालीं आणतां आला, आणि गाडी विकलीहि गेली. उंचीची गरज कितपत खरी होती, याची याहून सरळ साक्ष कोणी दिली नसती.

दिल्लीची हवा कोंदल्यावर सर्वोच्च न्यायालयानें १६ डिसेंबर १९१५ नव्हे, तर तब्बल शतकानंतर, २०१५ सालच्या त्या तारखेस, २००० घन सेंटिमीटर आणि त्याहून मोठ्या एंजिनाच्या डिझेल मोटारींची तेथील नोंदणी थांबविली. १२ ऑगस्ट २०१६ रोजीं ती बंदी उठली. तिच्या जागीं मोटारीच्या किंमतीवर शेंकडा एक पर्यावरण-आकार आला. मोठ्या मोटारीच्या मालकीस जबाबदारीची किंमत लावण्याचा हा प्रयत्न लहान होता, पण तो न्यायासनानें केला. त्याच्या उलट दिशेचें पाऊल २०२५ च्या सप्टेंबरांत पडलें. वस्तु व सेवा कराची नवी मांडणी झाली तींत सर्वांत मोठ्या मोटारींवरील कर आणि उपकर मिळून जें शेंकडा ५० चें ओझें होतें, तें ४० वर आलें. लहान मोटारींवरील करहि त्याच वेळीं उतरला हें खरें. परंतु मोठ्या मोटारीनें अधिक द्यावें या जुन्या तत्त्वाला ओहोटी लागली, हेंहि तितकेंच खरें.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाप्रमाणें २०२३ सालीं जगांत विकल्या गेलेल्या मोटारींपैकीं शेंकडा ४८ या उंच बांध्याच्या होत्या. मध्यम आकाराच्या मोटारीहून अशी गाडी सरासरी दोनशें ते तीनशें किलो जड, आणि तिचा धूर सुमारें शेंकडा वीस अधिक. हिंदुस्थानांतहि विकल्या जाणाऱ्या घरगुती मोटारींपैकीं निम्म्याहून अधिक आतां याच वर्गांत मोडतात. त्यांतल्या पुष्कळ केवळ नांवाच्या मोठ्या, अंगानें लहान आहेत. त्यांना सरसकट दोष देणें अन्यायाचें होईल. विजेवर चालणारी मोटार घेतली कीं प्रश्न सुटला, असेंहि नाहीं. मराठवाड्याची वीज पुष्कळ अंशीं कोळशाचीच राहिली आहे, आणि परळीचें वीजकेंद्र २०१३ च्या दुष्काळांत पाण्याअभावीं बंद ठेवावें लागलें होतें. दोन टनांची मोटार विजेवरहि दोन टनांचीच असते. ती हलविण्यास कोठें तरी कांहीं तरी जळतेंच.

खर्च कोणाच्या नांवावर पडतो, हा प्रश्न येथें फाट्यावर परत येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं दाखविलें, कीं मध्य भारतांत विस्तीर्ण प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० पासून २०१५ पर्यंत तिपटीनें वाढले. पाऊस एकंदर तितकाच किंवा कमी, पण येतो तो धो-धो; मध्यंतरीं लांब उघाड. २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यानें अशा पावसांत उभीं पिकें आणि पिकांखालची मातीहि वाहून जातांना पाहिली. कोणत्याहि एका पुराचा दोष कोणत्याहि एका मोटारीच्या पदरीं घालतां येत नाहीं, आणि घालूं नये. मात्र कापूस आणि सोयाबीन यांवर वर्ष काढणारें जें कुटुंब पावसाच्या या लहरीपणाला तोंड देतें, त्याच्या दाराशीं बहुधा मोटार नसतें. असली तर एखादी फटफटी. बैलाचा धनी आणि कडब्याचा धनी एकच असे. येथें खाणारा एक आणि उपाशी राहणारा दुसरा.

आणि तरीहि दोष लोखंडाचा नाहीं, हें त्याच फाट्यावर दिसतें. मराठवाड्यांत ज्यांना काळी-पिवळी म्हणतात त्या भाड्याच्या जीपा म्हणजे सुमो, ट्रॅक्स यांसारख्याच मोठ्या, डिझेल पिणाऱ्या गाड्या. त्या कायद्यापेक्षां अधिक माणसें कोंबतात, त्यांत जिवाला धोका असतो, याचें समर्थन कोणी करूं नये. इंधनाच्या हिशेबांत मात्र त्यांची बरोबरी शहरांतील गुळगुळीत मोटारीला साधत नाहीं. शंभर किलोमीटरांना दहा लिटर डिझेल जाळणाऱ्या मोटारींत एकटा मनुष्य बसला, तर सत्तावीस किलो वायु त्याच्या एकट्याच्या नांवावर पडतो. त्याच मोटारींत नऊ जण बसले तर तीन-तीन किलो. एस. टी. ची ४४ आसनांची गाडी लिटराला पांच किलोमीटरांच्या आसपास जाते. ती भरलेली असेल तर माणशीं सव्वा किलो, आणि अर्धी रिकामी असली तरी अडीच. पुण्याहून अहमदनगरला १ जून १९४८ रोजीं निघालेली लांकडी सांगाड्याची पहिली एस. टी. ही त्या दृष्टीनें आजच्या कोणत्याहि भपकेदार मोटारीहून पुढारलेली होती. काळी-पिवळीचा ड्रायव्हर पर्यावरणाचा विचार करीत नाहीं. त्याला डिझेलचे पैसे स्वतःच्या खिशांतून द्यावे लागतात. म्हणून शेवटची जागा भरेपर्यंत तो फाट्यावरून हलत नाहीं.